सुनंदाचा झेंडू

नवरात्र तोंडावर आलं की मंडईबाहेर झेंडूचे ढीग लागतात. बायका पिशव्या भरभरून नेतात, घासाघीस करतात, पायदळी चार फुलं गेली तरी कुणी वाकून उचलत नाही. मी उचलते. सून म्हणते, आई, लोक बघतात. बघू देत. ज्या बाईनं एका झेंडूच्या फुलासाठी अख्खा उन्हाळा डब्यांपाशी उकिडवं बसून काढलाय, तिला पायाखाली आलेलं फूल सोडवत नाही. आणि खरं सांगायचं तर झेंडू दिसला की मला आधी सुनंदा आठवते, मग तिचं ते झाड आठवतं, आणि इतकी वर्षं लोटली तरी माझ्या पोटात दुखायला लागतं.

यंदा त्यात लेकीच्या फोनची भर पडली. ती कॅनडात असते. तिच्या शेजारणीनं बाल्कनीत गांजाची रोपं लावलीत आणि तिकडे ते कायद्यात बसतं म्हणे. लेकीचं बालपण कतारमध्ये गेलं, त्यामुळे मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र दर दोन शब्दांमागे एक इंग्रजी येतो. "आई, टोटली लीगल आहे," असं म्हणून तिनं मला फोनवरच कुठलासा लेख वाचून दाखवला. भांग-गांजा घरी लावण्याचे फायदे आणि तोटे. फायद्यांत काय, तर घरचा माल खात्रीचा, फवारणी आपल्या हातात, झोप लागते, सांधेदुखीला आराम पडतो, आणि झाड वाढताना बघून मनाला बरं वाटतं. तोट्यांत वास, कीड, लहान मुलांना धोका, विजेचं बिल, आणि सवय लागली की सुटत नाही ती नाहीच. मी शांतपणे ऐकून घेतलं. वैद्याची मुलगी आहे मी. पंचवटीत वडिलांचं औषधालय होतं, त्यातलं निम्मं मला परकरात असल्यापासून ठाऊक आहे. पण म्हटलं, बाई गं, सगळ्यात मोठा तोटा तुझ्या लेखात आलाच नाही. लावणारीचं व्हायचं ते होवो, शेजारणीची जी दशा होते ती कोण लिहिणार? लेक हसली. तिला वाटलं, आईनं विनोद केला.

आम्ही दोह्याला गेलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. ह्यांना इंजिनियरची नोकरी, आणि कंपनीनं राहायला मदिनत खलीफातल्या एका जोडबंगल्याचा अर्धा भाग दिलेला. दुसऱ्या अर्ध्यात सुनंदा आणि तिचे वसंतराव, मूळचे सांगलीचे. मधे कमरेएवढी भिंत, गच्चीवर पाण्याची टाकी दोघांत मिळून एक. मुलं एका बसनं शाळेत जायची, नवरे एका गाडीतून ऑफिसला. राहिलो आम्ही दोघी, दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत. अशा ठिकाणी एक तर घट्ट मैत्री होते, नाहीतर हेवा वाटायला लागतो. आमचं दोन्ही झालं. मैत्री दोघींची होती, हेवा माझ्या एकटीचा.

का वाटू नये? तिकडच्या त्या पांढऱ्या पिठाचीही तिची पोळी टम्म फुगायची. माझ्या पोळ्या आमचे हे खायचे आणि काही बोलायचे नाहीत, ते जास्त लागायचं. मी 'शुक्रन' म्हणजे आभार, ह्याच्या पुढे गेले नाही, आणि ही सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, दुकानदाराशी अरबीत भाव करून वर त्याच्या बायकोची चौकशी करून यायची. दुकानदार तिला बसायला खुर्ची द्यायचा. मला कधी दिली नाही. शिवाय ती स्वभावानं चांगली होती, हे तर सगळ्यात वाईट. वाईट बाईचा हेवा करायला सोपं जातं, मन मोकळं होतं. चांगल्या बाईचा हेवा केला की आपल्यालाच आपली लाज वाटते, आणि त्या लाजेचा राग परत तिच्यावरच निघतो.

त्यात देवानं मला रंग असा दिलाय की लपत काही नाही. हेवा वाटला की कानाच्या पाळ्यांपासून लाली चढायला लागते आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत येते. आमचे हे म्हणायचे, लागला तुझा सिग्नल. दोह्यातल्या सगळ्या मराठी घरांत हा सिग्नल प्रसिद्ध होता. कुणी नव्या पाटल्या दाखवल्या की बायका पाटल्यांकडे बघायच्या आधी माझ्या कानांकडे बघायच्या आणि हसायच्या. मीही हसायचे. तोपर्यंत ते सगळं गमतीचंच होतं.

दोह्यात तेव्हा सगळं मिळायचं. बोटीनं आलेली सफरचंदं, हॉलंडचं चीज, जपानी रेडिओ. झेंडू मिळायचा नाही. दसऱ्याला दाराला प्लॅस्टिकचं तोरण, नाहीतर केशरी क्रेप कागदाच्या फुलांची माळ. मला ते फार खुपायचं. आमच्या आईची रीत होती, दसऱ्याचं तोरण वाळलं की ती ते टाकत नसे. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायची, आणि पाऊसपाणी बघून त्याच फुलांच्या पाकळ्या कुस्करून अंगणात टाकायची. दरवर्षीचा झेंडू आदल्या वर्षीच्या तोरणातून उगवायचा. एका वर्षी सुटीहून परतताना मी आईकडून ते फडकं मागून घेतलं आणि बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवून दोह्याला नेलं. आणि नेल्यावर मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, अर्धं तोरण मी सुनंदाला दिलं. दुर्बुद्धी तरी कसली, मोठेपणा मिरवायचा होता. तिला जे मिळत नाही ते माझ्याकडे आहे, हा प्रसंग काही रोज येत नव्हता.

दोह्यातला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना मी काय सांगणार. सकाळी आठलाच दाराची कडी हाताला चटका द्यायची. ऑगस्टमध्ये समुद्रावरून दमट हवा यायची, तिला तिकडे रुतुबा म्हणतात. चष्मा लावून बाहेर पडलं की काचांवर पाणी जमून समोरचं काही दिसायचं नाही. जमीन म्हणजे चुनखडी आणि मीठ. ट्रकवाल्याकडून गोडी माती आणायची, शेळ्यांच्या लेंड्या मिळवायच्या, नळाचं पाणी घातलं तर कडेनं पांढरी पुटं चढायची. मी दुधाच्या पावडरचे रिकामे डबे घेतले, तळाला भोकं पाडली, आणि आईच्या तोरणाचं बी पेरलं. रोपं उगवली, बोटभर झाली, आणि तिथेच अडून बसली. दुपारी मी त्यांच्यावर ओल्या चादरीचा तंबू करायचे, पंखा लावायचं तेवढं बाकी होतं. ह्यांच्या शर्टाची बटणं तुटलेली असायची आणि मी डब्यांपाशी.

आणि भिंतीपलीकडे, सुनंदाच्या उत्तरेच्या खिडकीतल्या एसीखाली, तिच्या झाडानं उसळी मारली.

एसीचं पाणी टपटप एकाच जागी पडायचं, बिनमिठाचं, गार. तिथे तिनं माझ्या आईचं बी टाकलं होतं. पंधरवड्यात रोप गुडघ्याला, मग कमरेला, मग भिंतीवरून डोकावायला लागलं. सुनंदा म्हणायची, पानं कातरलेली, दातेरी, झेंडूचीच. मी म्हटलं, माझ्याही एसीला पाणी आहे की. दोन डबे माझ्या एसीखाली नेऊन ठेवले, एकातलं रोप कुजलं. मग मी हेरलं की सुनंदा रोज सकाळी तिच्या लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्याचा ट्रे त्याच जागी झटकते. टरफलं, दाणे, विष्ठा, सगळं. हं, म्हटलं, खत हे आहे होय. पिंजरा आणू या म्हटल्यावर आमच्या ह्यांनी हात जोडले. तेव्हा मी गच्चीवरच्या कबुतरांची विष्ठा खराट्यानं गोळा केली, पाण्यात कालवली, आणि डब्यांना घातली. आणखी एक रोप मेलं.

ती माझी झोप गेली ना, ती झाडापायी नव्हे, त्या बीपायी. बी माझं, तोरण माझ्या आईचं, दार आमचं पंचवटीचं, आणि वाढावं तिच्याकडे? मनात नाही नाही ते यायचं. वाटणी करताना तिनं बरोबर भरलेली फुलं उचलली असतील, मला पोचट दिली असतील. वाटणी मीच केली होती, हेसुद्धा आठवायचं नाही.

येणारा-जाणारा त्या झाडाकडे बघायचा. शुक्रवारी सुटीच्या दिवशी जेवायला येणारे एकटे राहणारे आपल्याकडचे फिटर, ड्रायव्हर त्या हिरव्या सावलीत खुर्च्या टाकून बसायचे आणि गावच्या शेताच्या गोष्टी काढायचे. समोरच्या बंगल्यात एक कतारी गृहस्थ राहायचे, पोलीस खात्यातले अधिकारी. आम्ही त्यांना अबू खालिद म्हणायचो. ते संध्याकाळी फेरी मारताना फाटकाशी थांबायचे, झाडाकडे बघून माशाल्ला म्हणायचे, आणि फुलं कधी येणार म्हणून विचारायचे. सुनंदा सांगायची, इन्शाल्ला, दसऱ्याला, आणि तुम्ही बायकोला घेऊन चहाला यायचं. मी भिंतीच्या अलीकडे माझ्या डब्यांवर वाकलेली असायचे. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही. बोटभर रोपांना माशाल्ला कोण म्हणणार?

कुणी विचारेल, वैद्याची लेक ना तू, मग तुला दिसलं नाही? नाही दिसलं. कारण मी जवळ गेलेच नाही. जवळ जाऊन बघणं म्हणजे कौतुक करणं, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं. सुनंदा बोलवायची, अगं ये, बघ तरी, आणि मला नेमकं गॅसवर काहीतरी उतू जाणारं आठवायचं. लांबून मला त्याची पानं दिसत नव्हती, त्याची उंची तेवढी दिसत होती.

त्या झाडाशी माझी ओळख तशी लहानपणी झालेली. वडिलांच्या औषधालयात भांग असायची, तुपात परतून शुद्ध केलेली, चिनीमातीच्या बरणीत. झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांना, पोट बिघडलेल्यांना, वडील चिमटीनं मोजून द्यायचे आणि बरणी लगेच कुलपात. लोक त्यांच्याकडे परसात एखादं झाड लावायची भाषा काढायचे, घरचं औषध घरी. वडील म्हणायचे, औषध घरी लावता येतं हो, मात्रा घरी लावता येत नाही. एकदा गोदेकाठच्या एका मठाच्या मागे त्यांनी मला ते उभं झाड दाखवलं होतं. एक पान बोटांत चुरगळून माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाले, नाव विसरलीस तरी चालेल, वास विसरू नकोस. मी नाव विसरले नव्हते आणि वासही.

नवरात्र बसलं. सुनंदाकडे घट असायचा आणि घटावर रोज एक माळ. गावाकडे रोज वेगळ्या फुलाची, वेगळ्या पानांची माळ करतात, दोह्यात करणार कशाची? तिनं पाचव्या माळेला आपल्या झाडाची पानं काढली, फुलं नाहीत तर पानं, देवी काय नाही म्हणते का. सुरेख ओवली होती. त्या संध्याकाळी तिच्याकडे हळदीकुंकू. हॉल बायकांनी भरलेला, खिडक्या बंद, एसी चालू, उदबत्त्या लावलेल्या. मी ठरवून साधी साडी नेसून गेले होते, म्हणजे आपल्याला काही पडलेली नाही असं दिसावं. घटाला हळदीकुंकू वाहायला मी वाकले आणि उदबत्तीच्या खालून तो वास आला.

मी क्षणभर पंचवटीत होते. मग दोह्यात आले. देवीच्या गळ्यात भांग. खिडकीखाली भिंतीपेक्षा उंच भांग. समोर पोलीस खात्याचं घर, आणि दसऱ्याला चहाचं आमंत्रण. तिकडे असल्या गोष्टीला माफी नव्हती. माणूस आत जायचा, कधी बाहेर यायचा ते कुणी सांगू शकत नसे, आणि बाहेर आला की थेट विमानात. आणि भिंत तर आमची एकच. कुणाची बाजू कुठली, हे कोण विचारत बसणार होतं?

मी सुनंदाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "हा झेंडू नाही, सुनंदा. ही भांग आहे. पिंजऱ्यातल्या दाण्यांतून आलीय. आजच्या आज काढ." पाखरांच्या दाण्यांत भांगेचं बी असतं, पाखरंवाले वडिलांकडे चौकशीला यायचे, हेही घाईघाईत सांगितलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चांगली बराच वेळ बघत राहिली. मग खिरापतीचं ताट उचललं, हॉलमध्ये गेली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उषा, तुला माझं काहीच कसं गं बघवत नाही?"

मी चपला घातल्या आणि घरी आले.

ह्यांना सांगितलं तर ह्यांनी पेपर बाजूला केला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, झाडावरून आता भांगेपर्यंत गेलीस का तू. वीस वर्षं त्या माणसाशी संसार करायचा होता अजून, म्हणून मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या त्या सिग्नलची किंमत काय पडणार आहे. मी खरं बोलत होते आणि माझ्या घरातही ते कुणाला खरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं दोहा झोपलेलं, दुकानं बंद, रस्त्यावर मांजर नाही. मी लेकीला आंघोळीला बसवलं, डोक्याला साबण लावला, आणि नळाचं पाणी गेलं. आदल्या दिवशी भरलेली टाकी. पोर डोळे चोळत रडायला लागली. मी तणतणत बाहेर आले, म्हटलं आता सुनंदाला पाण्यावरून सोडत नाही, आणि भिंतीशी येऊन थबकले. एसीखालची जागा रिकामी होती. ओल्या मातीत एक खड्डा आणि त्यात टपटप पाणी पडत होतं. सुनंदा दारात उभी राहून पदराला हात पुसत होती. घामानं निथळत होती. "काढलं," ती म्हणाली. "झालं समाधान?"

माझा जीव इतका भांड्यात पडला की मी भिंतीवरच बसले. पाण्याचं विचारायचं राहून गेलं.

दसऱ्याला मला कळलं की काय झालंय. जी ती बाई सुनंदाला विचारत होती, अगं, झाड कुठे गेलं? आणि सुनंदा सांगत होती, उषाच्या डोळ्यात सलत होतं, सणासुदीला कशाला कुणाचं मन दुखवा, काढून टाकलं. बायका गहिवरल्या. एवढं वाढवलेलं झाड मैत्रिणीसाठी उपटलं, केवढं मोठं मन. संध्याकाळी अबू खालिद बायकोला घेऊन चहाला आले आणि फाटकातच खड्ड्याकडे बघून थांबले. सुनंदानं दोन्ही हात उडवून खलास म्हटलं आणि मान माझ्या घराकडे वळवली. ते एकच शब्द बोलले, "ऐन." म्हणजे नजर. आपल्याकडची दृष्ट आणि त्यांच्याकडची ऐन एकच. त्यांच्या बायकोनं कडेवरच्या बाळाचं तोंड आपल्या काळ्या अबायात झाकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या फाटकाला एक निळा मणी टांगलेला दिसला.

आणि गंमत बघा, त्याच दसऱ्याला माझ्या उरलेल्या डब्यात एक फूल उमललं. सुपारीएवढं, केशरी, आईच्या तोरणाचं. मी ते दाराच्या मधोमध दोऱ्यानं बांधलं. येणाऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं. तिचं झाड गेलं आणि हिला फूल आलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं फूल ते, आणि माझ्याविरुद्धचा पुरावा ठरलं.

पुढचं अख्खं ऐंशीचं दशक मी त्या नावानं काढलं. कुणाचं डोहाळजेवण असलं की मला आमंत्रण दुसऱ्या दिवशी कळायचं, अगं राहूनच गेलं बघ. नव्या साड्या मला बघून कपाटात जायच्या. बाळंतिणीला भेटायला गेले तर बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका आणखी एकदा लागायचा, माझ्यासमोर. मी हसत काही म्हणाले की लाल व्हायचे, लाल झाले की पुन्हा तेच. एकदा तर मला वाटायला लागलं की असेलही बाई आपली नजर तशी. सुनंदा मात्र माझ्याशी कधी वाईट वागली नाही. कुठलंही गोडधोड केलं की पहिली वाटी भिंतीवरून माझ्याकडे यायची, लेकीला ताप आला की ती रात्र रात्र बसायची. त्याचा मला आणखीनच राग यायचा. जिंकलेल्या माणसाला चांगलं वागणं परवडतं, असं मी ह्यांना म्हणायचे. झाडाचा हेवा त्या मानानं परवडला असता. मी तिला वाचवलं आणि मोठं मन मात्र तिचं ठरलं, ह्याचा हेवा काही केल्या उतरेना.

ते लोक आधी गेले, सांगलीला. नंतर आम्ही आलो पुण्याला. मग वसंतराव गेले, आमचे हे गेले. गेल्या वर्षी सुनंदा मुलाकडे पुण्यात राहायला आली, माझ्या घरापासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर. लेकीचा तो फोन झाला तसा मला दम निघेना. मंडईतून पिशवीभर झेंडू घेतला आणि तिच्याकडे गेले. म्हटलं, आज काय तो निकाल लावू.

ती बाल्कनीत बसली होती. पायावर पांघरूण, केस पांढरे, पण अजून दाट, माझे बघा. आम्ही मधे परात घेतली, फुलं ओतली आणि माळा ओवायला बसलो. मी तिला कॅनडाची शेजारीण सांगितली, फायदे सांगितले, तोटे सांगितले. मग सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "तुझं झाड भांगेचंच होतं, सुनंदा. आता तरी कबूल कर."

"होतंच," ती म्हणाली. तिची सुई थांबली नाही. "मला त्याच दिवशी कळलं."

कशावरून कळलं, मी विचारलं.

"तुझ्या तोंडावरून. हेवा वाटला की तू लाल होतेस, उषा. त्या दिवशी तू पांढरीफटक पडली होतीस."

मग तिनं सगळं सांगितलं, एखाद्या जुन्या सहलीची आठवण सांगावी तसं. रात्री वसंतरावांना सांगितलं तर त्यांना घाम फुटला. जाळावं तर वास, कचऱ्यात टाकावं तर कुणी बघेल. शेवटी दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून डोकं दुखतं म्हणून लवकर आले, आणि दुपारी सगळे झोपल्यावर दोघांनी झाड उपटून आत नेलं. तिनं विळी घेतली, त्यांनी सुरी घेतली, आणि सगळं मेथी चिरावी तसं बारीक चिरून थोडं थोडं संडासात सोडलं. टाकीतलं पाणी संपलं ते असं. खोड काही जाईना. ते त्यांनी सोलून, वाळवून खराट्याला दांडा म्हणून बसवलं. तो खराटा पुढच्या वर्षी तू दोनदा मागून नेला होतास गं कबुतरांसाठी, ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

मला हसू आलं नाही. म्हटलं, मग मला का बोललीस चारचौघांत?

तिनं दोऱ्याला गाठ मारली. "मग काय सांगणार होते? एवढं झाड कुठे गेलं म्हणून जो तो विचारणार. समोर तो माणूस पोलिसातला. तुझं नाव घेतलं आणि पुढे कुणी एक प्रश्न विचारला नाही. दोन्ही घरं तिथे राहिली ती तुझ्या त्या नावावर राहिली."

निदान मला एकटीला तरी सांगायचंस, मी म्हटलं. माझा आवाज चिरकला ते मला आवडलं नाही. ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तू लाल व्हायची थांबली असतीस आणि लोकांना शंका आली असती. रोज वाटायचं सांगावं. म्हणून मग वाटी पाठवायचे.

त्या वाट्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. शेवयांची खीर, गुळाचा सांजा, रमजानात अबू खालिदांकडून आलेल्या गव्हाच्या हरीसातला अर्धा वाटा. मी त्या धुऊन रिकाम्या परत करायचे, हट्टानं. आपल्यात रिकामी वाटी परत करत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं?

"आता सांग मग सगळ्यांना," मी म्हटलं. "सांग, की उषा हेव्यानं बोलली नव्हती."

सुनंदानं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "कुणाला सांगू गं?" ती म्हणाली. "राहिलंय कोण?"

मी एकेकीचं घर मनाशी आठवून पाहिलं. पाटल्यावाली गेली, बाळंतीण परदेशात असते आणि तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, हळदीकुंकवाला कोपऱ्यात बसलेल्या दोघी गेल्या. आमचे हे गेले, ज्यांना सांगायची मला सगळ्यात जास्त हौस होती. त्या हॉलमधल्या आता आम्ही दोघीच.

खाली रस्त्यावर झेंडूचा हातगाडीवाला ओरडत गेला. सुनंदा म्हणाली, लाल झालीस बघ, आणि मी म्हटलं, उन्हानं. मग आम्ही फुलं संपेपर्यंत माळा ओवत बसलो. शेवटी दोन्ही माळा कठड्याला टांगल्या, तर तिची माझ्यापेक्षा चांगली वीतभर लांब झाली होती.